भाजलेला पापड लोकलमधून अख्खा न्यायचाय, डबा कसा करू?

सई_डोंबिवली:

नमस्कार मंडळी. मी प्रॉडक्ट डिझाईन शिकते, तिसरं वर्ष. यावेळचं असाइनमेंट असं आहे की कुठलातरी नाजूक पारंपरिक भारतीय पदार्थ निवडायचा आणि तो बरोबर घेऊन फिरता येईल असं काहीतरी बनवायचं, आणि ते खेळकर पाहिजे, नुसता डबा चालणार नाही, हातात घेतल्यावर माणसाला गंमत वाटली पाहिजे असं सरांचं म्हणणं. वर्गात अर्ध्या पोरांनी पाणीपुरी उचलली, दोघीतिघींनी उकडीचे मोदक, एकाने सुतरफेणी घेतलीये (त्याचं काय होणार देव जाणे). मी घेतलाय पापड. उडदाचा, भाजलेला. कारण आमच्या बाबांना घरी जेवताना पापड लागतोच लागतो आणि ऑफिसच्या डब्यात मात्र कधीच नसतो, का तर "तिथे जाईपर्यंत त्याचं काय राहणार".

आत्ता माझ्या डोक्यात आहे ते म्हणजे दिमडीच्या आकाराची एक गोल चपटी केस, खांद्याला अडकवायची, कडेला छोटे घुंगरू, आत चार-पाच पापड एकावर एक. पुठ्ठ्याचं मॉडेल केलं आणि डोंबिवलीहून दादरपर्यंत नेलं. उतरल्यावर उघडलं तर वरचा पापड बरा, बाकीच्यांच्या कडा गेलेल्या आणि खाली सगळा चुरा. जे तुकडे मोठे राहिले होते तेही सादळलेले, चावले तर वातड. शिवाय भाजलेला पापड साधारण सात इंच, म्हणजे केस आठ इंचाची, ती कुठल्याच सॅकमध्ये धड बसत नाही आणि गर्दीत खांद्यावर लटकवली तर लोक अशा नजरेने बघतात की विचारू नका.

तर प्रश्न असा की तुटणं आणि सादळणं या दोन्हीवर एकाच डब्यात काय करता येईल? फोम लावू का? सिलिका जेल टाकू का? ज्युरी (म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडायचं असतं ते) जुलैमध्ये आहे, म्हणजे ऐन पावसात. ज्यांना पापडाचा, डब्यांचा किंवा पॅकिंगचा काही अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.

खडूस_काका:

कच्चा पापड न्यायचा, ऑफिसात मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर ठेवायचा, खायचा. कच्चा पापड चपटा, लवचिक, तुटत नाही, महिनोन्महिने टिकतो. प्रश्न मिटला. डिझाईनवाल्यांना साध्या गोष्टी अवघड करायचे पैसे मिळतात का?

सई_डोंबिवली:

काका हे मी सरांना सांगून झालंय 😄 ते म्हणाले मग मायक्रोवेव्ह डिझाईन कर. आणि खरं सांगू का, बाबांच्या ऑफिसात एकच मायक्रोवेव्ह आहे आणि दीड वाजता त्याच्यापुढे जी लाइन असते त्यात एका पापडासाठी कोण उभं राहणार. मायक्रोवेव्हचा पापड सगळीकडे सारखा पांढरट होतो, त्याला गॅसवरचे ते काळे डाग आणि तो करपट वास नसतो. मला भाजलेलाच न्यायचाय.

गिरगावची_माई:

सई, तू डब्याच्या मागे लागलीयेस, आधी पापडाकडे बघ. पापड गार झाला की मोडेन पण वाकणार नाही. पण विस्तवावरून काढल्यावर दोन-तीन सेकंद तो अगदी मऊ असतो, तेव्हा त्याला वाकवशील तसा वाकतो आणि मग त्याच आकारात कडक होतो. हॉटेलात मसाला पापडाचा कोन मिळतो ना, तो असाच करतात. आमच्या घरी पाहुणे आले की मी पापड भाजून लगेच लाटण्यावर टाकायचे, पुंगळी व्हायची, त्यात कांदा-टोमॅटो भरून द्यायचे, पोरं नुसती तुटून पडायची. तर सात इंचाचा डबा कर असं तुला सांगितलंय कोणी? पापडच लहान जागेत मावेल असा वाकव.

आता भाजण्याबद्दल. जाळीवर भाजताना आधी कडा भाज, मग मधलं. बहुतेक लोक मधूनच सुरू करतात आणि कडेला बोटभर पट्टी कच्ची राहते, ती सगळ्यात आधी वातड होते आणि मग लोक म्हणतात पापड सादळला. सादळला कुठला, तो भाजलाच नव्हता. आणि फार फोड येऊ देऊ नकोस, कारण एकावर एक ठेवल्यावर वरच्याचा फोड खालच्याच्या फोडावर टेकतो आणि तिथेच तडकतो. गुजराती बायका खाकरा भाजताना लाकडी दट्ट्याने दाबत राहतात, म्हणून तो सपाट होतो आणि त्याची चळत लावता येते. तसा तव्यावर दट्ट्याने दाबून पापड भाजून बघ, चवीत थोडा फरक पडेल पण फोड बारीक येतील.

बाकी पापड घेतलास हे छान केलंस. आमच्या गिरगावातच १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर बसून, ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्याचं लिज्जत झालं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे अजूनही मळलेलं पीठ बायकांना वाटून देतात, त्या घरी नेऊन लाटतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. म्हणजे बघ, कच्चा पापड या शहरात साठेक वर्षं हातातून, पिशवीतून फिरतोच आहे आणि कुणाला त्याची काळजी नाही. सगळे लाड भाजलेल्याचे.

प्रयोगवही:

माईंचं तुटण्यावरचं उत्तर बरोबर आहे, मी सादळण्यावर लिहितो कारण यात लोक उगाच भलत्या गोष्टीला घाबरतात.

कच्च्या पापडात साधारण १२ ते १५ टक्के पाणी असतं, भाजल्यावर त्यातलं बरंचसं जातं आणि पिठातला स्टार्च काचेसारख्या कडक अवस्थेत जातो. पुन्हा पाणी शिरलं की ती कडक अवस्था मोडते आणि पापड लवचिक होतो. आता पाणी किती शिरावं लागतं? दहा ग्रॅमचा पापड धरा, तो मऊ पडायला त्याने काही टक्के पाणी प्यायला पाहिजे, म्हणजे तीन-चारशे मिलिग्रॅम तरी. आणि मुंबईच्या जुलैच्या हवेत पाणी किती? ३० डिग्रीला, ८५ टक्के आर्द्रतेला एक लिटर हवेत फक्त २६ मिलिग्रॅम वाफ असते. परत वाचा, एक लिटरमध्ये २६ मिलिग्रॅम. म्हणजे तुमच्या डब्यात लिटरभर दमट हवा कोंडली गेली आणि आत चार पापड असले तर त्यांच्या वाट्याला प्रत्येकी सहा-सात मिलिग्रॅम येतं, त्याने काहीही होत नाही.

तर आत अडकलेली हवा शत्रू नाहीये. शत्रू तीन. एक, झाकण सैल असणं, कारण मग लोकलमध्ये हवा सतत बदलत राहते आणि दर लिटरमागे नवीन २६ मिलिग्रॅम येत राहतात, दादर येईपर्यंत त्याची बेरीज मोठी होते. तुमचं पुठ्ठ्याचं मॉडेल तर सरळ श्वास घेतं. दोन, शेजारचं गरम जेवण. एक वाटी गरम वरण दोन-चार ग्रॅम वाफ सहज सोडतं, मिलिग्रॅम नाही ग्रॅम, म्हणून जेवणाच्या डब्याच्या वरच्या पुडात ठेवलेला पापड मरतो. पापडाचं घर वेगळं पाहिजे. तीन, गरम पापड लगेच बंद करणं, तो स्वतःच अजून वाफ सोडत असतो. पण पावसात तो अर्धा तास ताटात उघडा ठेवून गार केलात तर तिथेच सादळेल, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटं जाळीवर आणि मग लगेच आत.

आणि पापडात मीठ भरपूर असतं हेही लक्षात घ्या. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं, म्हणून तर पावसाळ्यात मिठाची बरणी ओली होते. जुलैत मुंबई बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते.

सई_डोंबिवली:

बाप रे हे २६ मिलिग्रॅमचं मी शीटवर मोठ्या अक्षरात लिहिणार. म्हणजे सिलिका जेल नकोच?

मस्जिदबंदर_पॅकिंग:

घाल, पण इन्शुरन्स म्हणून. झाकण चांगलं असेल तर पाच ग्रॅमची एक पुडी खूप झाली, ती अर्धा ग्रॅम पाणी आरामात ओढते, म्हणजे वर साहेबांच्या हिशोबाने पंधरा-वीस वेळा डबा उघडला तरी काळजी नाही. फक्त निळ्या दाण्यांची घेऊ नकोस, निळ्यात कोबाल्ट क्लोराईड असतं, ते खाण्याच्या जवळ नको. पांढरी फूड ग्रेड घे आणि पुडी सुटी टाकू नकोस, झाकणात छोटा जाळीचा कप्पा कर नाहीतर कोणीतरी चाट मसाला समजून फोडेल, मी बघितलंय असं होताना. पुडी पुन्हा वापरायची तर ओव्हनमध्ये १२० डिग्रीला तास-दोन तास सुकवली की दाणे परत कामाला येतात, पण पुडीचा कागद ते सोसणारा आहे का बघ, सगळ्या नाही सोसत.

मटेरियलचं. थ्रीडी प्रिंट करायच्या मोहात सगळे विद्यार्थी पडतात. त्यात नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, आणि त्या थरांच्या बारीक रेघांत तेल, मसाला अडकतो, धुऊन निघत नाही. दाखवायच्या मॉडेलला ठीक, खायच्या वस्तूला नाही. अर्धा मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा घे, भुलेश्वरला भांडीवाल्यांच्या ओळखीने वाकवून देणारा मिळेल, आणि झाकणाला सिलिकॉनची रिंग. बांबूची करंडी वगैरे दिसायला फार गोड पण तिच्यातून हवा आरपार जाते, आतून डबा बसवावाच लागेल मग करंडी कशाला.

झटपट टेस्ट करायची असेल तर शटलकॉकची रिकामी नळी घे, आत बटर पेपरचं अस्तर लाव, माई म्हणतात तशा पुंगळ्या करून आत सरकव, तोंडाला चिकटपट्टी. वीस रुपयात प्रोटोटाइप, आणि लोकलमध्ये कोणी ढुंकून बघणार नाही कारण सगळ्यांना वाटेल पोरगी बॅडमिंटन खेळायला चाललीये.

कोन_आणि_कंस:

पुंगळीत एक लोचा आहे. नळीत एकामागे एक दोनच पुंगळ्या बसतात कारण पापड सात इंच लांब, आणि एका पुंगळीच्या आत सगळी हवा. चार पापडांना हातभर लांब नळी लागेल. पूर्ण पुंगळी न करता नुसता बाक द्या, नळीच्या कौलांसारखे पापड एकावर एक बसतील. बाक दिलेला पत्रा सपाटपेक्षा ताठ असतो, सहज दुमडत नाही, तेच पापडालाही लागू. शिवाय बाक एकमेकांत अडकल्यामुळे बाजूला सरकत नाहीत, आणि कडा तुटतात त्या मुख्यतः सरकल्यामुळे, पापड डब्याच्या भिंतीवर जाऊन आपटतो.

प्रिंगल्सचा तोच खेळ आहे. फ्रेडरिक बाउर नावाच्या माणसाने १९६६ मध्ये त्या पॅकिंगच्या पेटंटचा अर्ज केला, तुटलेले तेलकट वेफर आणि अर्धी हवेने भरलेली पिशवी या तक्रारींवर तो उपाय होता. २००८ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे मुलांनी त्याच्या अस्थींचा काही भाग प्रिंगल्सच्याच डब्यात पुरला, हे खरंय, थट्टा नाही. पण प्रिंगल्सचा आकार खोगिरासारखा दोन दिशांनी उलटसुलट वाकलेला असतो आणि तो पापडाला जमणार नाही, कारण सपाट चकती एका दिशेने सहज वाकते, दोन दिशांनी वाकवायची तर कुठेतरी ताणावी लागते, आणि भाजलेला पापड ताणला की फाटतो. तर एकाच दिशेचा बाक.

आता किती बाक? इथे सगळे फसतात. अर्धगोल करावंसं वाटतं, कारण मग १७ सेंमीचा पापड फक्त ११ सेंमी रुंदीत मावतो. पण अर्धगोलाच्या कडा सरळ उभ्या असतात, त्यामुळे वरून दुसरा पापड ठेवला की कडेला दोघांमध्ये जागाच उरत नाही, तो अडकतो आणि तिथेच तडकतो. १२० अंशांचा कंस घ्या. त्रिज्या साधारण ८ सेंमी येते, रुंदी १४, उंची ४. कडेला उतार ६० अंश, म्हणजे पापडांमध्ये उभं अंतर जेवढं ठेवाल त्याच्या निम्मी जागा कडेला मिळते. फोडांसकट पापड ४ मिलिमीटर जाड धरला तर उभं अंतर ८ पाहिजे, पाच पापडांना उंची ४ अधिक सव्वातीन, चला आठ सेंमी. ९० अंश घेतलं तर पापड जास्त दाट बसतात पण रुंदी १५ सेंमीच्या वर जाते आणि बाकाचा ताठपणाही कमी होतो. मी १२० वरच थांबलो असतो.

खडूस_काका:

पापडाला त्रिकोणमिती. दहावीला असताना हे सांगितलं असतं तर मी गणितात पास झालो असतो.

पण एक विचारतो. हे मायक्रोवेव्हसारखं तिरकस नाहीये, खरंच विचारतोय. सकाळी सहाला उठून डबा भरणाऱ्या बाईने किंवा बाप्याने हा १२० अंशाचा बाक मोजायचा कशाने? प्रत्येक पापड वेगळा वाकला की तुमची सगळी चळत बोंबलली.

सई_डोंबिवली:

काका तुम्ही ग्रेट आहात, तुम्हाला माहीत नाही तुम्ही आत्ता काय केलंत ते. मी हा प्रश्न वाचून अर्धा तास काही केलं नाही नुसती बसून राहिले आणि मग सुचलं की डब्याचं झाकणच साचा करायचं! म्हणजे झाकण १२० अंशात वाकलेलं, ओट्यावर पालथं ठेवायचं, पापड भाजला की थेट त्याच्या पाठीवर टाकायचा, फडक्याने एकदा दाबायचा, तो झाकणाचा आकार घेतो, उचलून डब्यात. पुढचा पापड. शेवटचा झाला की तेच झाकण लावायचं. म्हणजे आतला प्रत्येक पापड त्याच डब्याच्या झाकणावर घडलेला असल्यामुळे मापात बसणारच, मोजायचं काही नाही. आणि सर म्हणतात ती गंमतही त्यातच आहे ना, ते पापड टाकणं आणि तो डोळ्यांसमोर लवून बसणं!! आईला दाखवलं तर ती म्हणाली दे इकडे मी करते आणि मग मला मिळेचना.

माझ्याकडे आत्ता पत्रा नाही म्हणून जाड पुठ्ठ्यावर फॉइल लावून केलंय. वाकताना मधून एक-दोन पापड उभे चिरले, ते का होतंय कळत नाहीये.

गिरगावची_माई:

शाब्बास गं पोरी. चिरतायत कारण तुझा हात उशिरा पडतोय. गॅस आणि झाकण जवळजवळ ठेव, वीतभर अंतर, चिमट्याने उचलून तडक टाक. पापड जुना आणि फार सुकलेला असेल तरी चिरतो, मग भाजायच्या आधी ओलसर फडक्याखाली पाच-दहा मिनिटं ठेव, फार नाही. आणि आईला करू दे, तू बाजूला उभी राहून ती कुठे हात ठेवते ते बघ, ते जास्त कामाचं आहे.

मस्जिदबंदर_पॅकिंग:

स्टीलच्या झाकणावर एक अडचण येईल ती आत्ताच सांगतो. स्टील गार असतं, पापड टेकला की लगेच कडक होतो, त्यामुळे नीट वाकायच्या आधीच अर्धा कडक अर्धा मऊ असं होऊन चिरेल. झाकणाच्या पाठीवर लाकडाची पातळ पट्टी किंवा सिलिकॉनचा शीट चिकटव, उष्णता हळू जाईल आणि हाताला एखादा सेकंद जास्त मिळेल. सिलिकॉनचा शीट फूड ग्रेडच घे, गरम पापडाचा वास लगेच शोषतो नाहीतर स्वतःचा वास देतो, दोन्ही वाईट.

उभ्या_उभ्या:

मी रोज ठाण्याहून चर्चगेटच्या बाजूला जाते, म्हणजे दादरला गाडी बदलून, आणि माझी पोस्ट घुंगरांबद्दल आहे. सई, घुंगरू काढ. लेडीज डब्यात सकाळी ७:४० ला माणसं झोपत असतात, डुलक्या काढत असतात, त्यात तुझं छुमछुम चालू झालं तर पापडाआधी तुझा चुरा होईल. आणि मला ते खेळकर पण वाटत नाही, खेळकर दिसावं म्हणून वरून लावलेलं वाटतं. दिमडी कशाला? पापडाचा दिमडीशी संबंध काय, दोन्ही गोल आहेत एवढाच. आणि आता तर तुझा पापड गोलही राहिला नाही, वाकला. झाकणावर पापड लवतो हे जे तू लिहिलंस ना त्यात जी मजा आहे ती घुंगरात नाही.

दुसरं, बॅगेत हा डबा आडवा राहणार नाही, उभाच राहणार, चढताना सगळं उभंच होतं. मग पाचही पापड एका कडेवर उभे. त्याला काय करणार?

कोन_आणि_कंस:

उत्तम प्रश्न. वरच्या बाजूने हलका दाब पाहिजे, म्हणजे चळत सैल होऊन खडखडणार नाही, पण दाब पापडावर एका ठिकाणी नको. झाकणाच्या आतून त्याच बाकाचा मऊ स्पंजचा पॅड, कापड गुंडाळलेला, काढून धुता येईल असा. झाकण लागलं की तो दोन-तीन मिलिमीटर दबला पाहिजे. पाचऐवजी तीनच पापड नेले तर पोकळी राहते, त्यामुळे पॅड खालीवर करता आला तर बरं, दोन खाचा करा, तीनची आणि पाचची. खालच्या कडेलाही स्पंजची पट्टी, डबा उभा झाला की सगळं वजन तिथे येतं, पण पाच पापडांचं वजन ते किती, पन्नास-साठ ग्रॅम, ते सांभाळलं जाईल. धक्का वजनापेक्षा सरकण्याने बसतो, सरकू दिलं नाहीत की झालं.

सई_डोंबिवली:

घुंगरू काढले. (मनातून वाईट वाटलं पण काढले.) दिमडी पण गेली.

आता अजून एक शंका. समजा एवढं करूनही थोडा चुरा होणारच, तर तो डब्याच्या तळाशी साचून पुढच्या वेळेस मऊ होऊन वास येईल ना? मी तळाला जाळी आणि खाली पातळ ड्रॉवर विचार करतेय.

गिरगावची_माई:

ड्रॉवर कर आणि तो फेकायचा नाही हे ज्युरीला सांग. पापडाचा चुरा, बारीक कांदा, तिखट, मीठ बेताने कारण पापडात आहेच, वरून कच्चं तेल, कालवलं की भाताबरोबर दुसरं काही लागत नाही. ड्रॉवरच वाटी म्हणून वापरता आला पाहिजे, कडा हाताला लागणार नाहीत अशा वळवून घे.

मस्जिदबंदर_पॅकिंग:

ड्रॉवर म्हटलं की हवा आत यायला दुसरी फट. त्याला पण रिंग लागणार, खर्च वाढला. त्यापेक्षा तळ वेगळा न करता जाळी उचलून काढता येईल अशी ठेव, चुरा डब्यातच पडतो आणि डबाच वाटी होतो. एक झाकण, एक रिंग, एकच फट. जेवढे कमी सांधे तेवढा पापड जास्त टिकणार.

खडूस_काका:

हे डबेवाल्यांकडे देता येईल का? माझ्या भाच्याचा डबा डबेवाल्याकडून जातो, तो विचारत होता. तो पण पापडवाला आहे.

उभ्या_उभ्या:

काका डबेवाल्यांकडे देताना डबा गोल आणि त्यांच्या पेटीत बसणारा पाहिजे ना. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केल्यापासून आजपर्यंत डबेवाले डबे गोळा करतात, स्टेशनवर पत्त्याप्रमाणे लावतात, लाकडी पेटीत भरतात आणि डोक्यावरून नेतात, एका पेटीत तीसेक डबे तरी असतात. त्यात १४ सेंमी रुंद पावणेदोन वीत लांब चपटा डबा आडवा येणार. वेगळी पिशवी करून गोल डब्याला बाहेरून बांधला तर जाईल पण मग आपटण्याची गॅरंटी नाही. सईने हे डोक्यात घेऊ नये असं मला वाटतं, तिचं असाइनमेंट बरोबर घेऊन जायचं आहे, पाठवायचं नाही.

प्रयोगवही:

पावणेदोन वीत नाही हो, १७ सेंमी म्हणजे वीतभरापेक्षा कमीच. पण मुद्दा मान्य.

सई, ज्युरीच्या आधी एक टेस्ट नक्की कर. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा मिळाला तर भाजलेला पापड लगेच वजन कर, डब्यात घाल, दादरपर्यंत जाऊन ये, परत वजन कर. जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी आत आलं, बाकी कोणाचं मत विचारायची गरज नाही. एक पापड नुसता ताटात उघडा ठेवून त्याचंही वजन कर म्हणजे फरक दाखवता येईल. एकेका पापडाचं नको, पाचही एकदम ठेवून वजन घे, काट्याला छोटा फरक कळत नाही.

सई_डोंबिवली:

करते. पत्रा उद्या भुलेश्वरला जाऊन बघते, आणि लाकडाच्या पट्टीऐवजी आईचं जुनं पोळपाट कापू का असा विचार आलाय पण ते तिला अजून सांगितलेलं नाही. शेवटचं विचारते, हाच डबा तांदळाच्या किंवा पोह्याच्या पापडाला चालेल का? ज्युरीत कोणीतरी हे विचारणारच.

गिरगावची_माई:

पोळपाटाला हात लावू नकोस.

तांदळाचे, पोह्याचे बहुतेक करून तळतात आणि ते तेलात फुगून चांगलेच मोठे होतात, त्यामुळे कच्चा पापड मोजून डबा करशील तर बसणार नाही, तळल्यावरचं माप घे. त्यांना वाकवायचं ते तेलातच, फुलला की चिमट्याने एका बाजूने उचलून झाऱ्याच्या पाठीवर टेकवायचा आणि तसाच बाहेर काढायचा, झाकणापर्यंत आणलास तर गार होऊन मोडेल. तेल मात्र पूर्ण निथळून, कागदावर ठेवून मगच डब्यात. तळलेला भाजलेल्यापेक्षा जरा जास्त वेळ कुरकुरीत राहतो, पण तुझा तो स्पंजचा पॅड तेलकट होईल, त्याला वेगळं अस्तर शिव.